नदी नसलेल्या देशात पाणी कुठून येतं? कतारची गोष्ट

मी नोकरीसाठी दोहाला आले त्या रात्री आईने फोनवर सगळ्यात आधी विचारलं, "तिकडे पाणी कुठलं गो? विहीर आहे का?" आमचं घर गुहागरच्या बाजूला, समुद्र चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे समुद्राकाठी राहून प्यायच्या पाण्याची चणचण म्हणजे काय ते तिला चांगलंच माहीत. मी म्हटलं नळ आहे, चोवीस तास आहे, आणि विषय तिथेच संपला. पण मी कामाला लागले तीच पाण्याच्या लॅबमध्ये, दिवसभर बाटल्यांमधले नमुने तपासायचे, आणि मग हळूहळू कळत गेलं की आईने विचारला तोच खरा प्रश्न आहे. तिथली जमीन, माणसं, जुने धंदे, आजचा पैसा, अगदी पाहुण्याला कॉफी द्यायची पद्धत, कशालाही हात घाला, तळाशी पाणी लागतं. कतारमध्ये वाळू, तेल आणि वर्ल्डकप सोडून आहे तरी काय असं गावी आले की बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे जमेल तेवढं सोपं करून लिहितेय.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरून एक अंगठा उत्तरेकडे आखातात घुसलाय, तो कतार. लांबी साधारण १६० किलोमीटर, रुंदी कुठेही शंभरच्या आत, क्षेत्रफळ साडेअकरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा देश. तीन बाजूंना समुद्र, खाली दक्षिणेला सौदी. सगळ्यात उंच जागा कितीशी, तर १०३ मीटर. डोंगर नाहीत, शिवाय या पट्ट्यात हवा वरून खाली दबत राहते त्यामुळे ढग धरतच नाहीत. नदी एकही नाही, गोड्या पाण्याचं नैसर्गिक तळं नाही. वर्षाचा पाऊस सरासरी ७५-८० मिलिमीटर, तोही हिवाळ्यात कधीतरी चार सरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे कतारचा बारा वर्षांचा पाऊस एका दिवसात.

वाळवंट म्हटलं की आपल्या मनात वाळूच्या टेकड्या येतात, त्या इथे आहेत पण बहुतेक आग्नेय कोपऱ्यात. तिकडे खोर अल-उदैद म्हणून जागा आहे, समुद्राची एक चिंचोळी खाडी वाळूच्या डोंगरांमधून आत शिरते आणि आत मोठ्ठी पसरते, वाळूवर उभं राहायचं आणि पायाशी निळं पाणी, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास कोणाशी बोलले नव्हते. बाकी देश मात्र खडकाळ, चुनखडीचा पिवळट माळ. आणि किनाऱ्यालगत सबखा, म्हणजे मिठाचं सपाट मैदान. जमिनीखाली अगदी जवळ खारं पाणी असतं, ते वर चढतं, उन्हाने उडून जातं, मीठ मागे राहतं आणि वर पांढरी कडक पपडी धरते, दिसायला मस्त पण गाडी घातली की चाकं गेलीच. हा अरबी शब्द आता जगभरचे भूगर्भवाले जसाच्या तसा वापरतात. अशाच खाऱ्या जमिनीत जिप्समचे स्फटिक पाकळ्यांसारखे एकमेकांत गुंतून वाढतात, त्याला वाळवंटातला गुलाब म्हणतात, आणि दोहातलं नॅशनल म्युझियम, जे २०१९ मध्ये उघडलं, ते फ्रेंच आर्किटेक्ट ज्याँ नुव्हेल यांनी याच गुलाबाच्या आकारात बांधलंय. फोटोत बघून पटत नाही, हातात खरा गुलाब घेऊन मग ती इमारत बघा.

आता मुद्दा पाण्याचा. पाऊस पडतो तेवढासा पडतो, पण तो वाहून समुद्रात फारसा जात नाही, कारण जमिनीला उतारच नाही. खालची चुनखडी आणि जिप्सम हजारो वर्षं पाण्यात विरघळत गेलेत, आत पोकळ्या झाल्या, वरची जमीन जागोजाग खचली आणि उथळ बशीसारखे खोलगट भाग तयार झाले. काही ठिकाणी तर छतच कोसळून गुहा उघडी पडलीये, दहल अल-मिसफिर म्हणून एक आहे, तीत उतरत उतरत खाली जाता येतं. तर या उथळ बशांना तिथे रौदा म्हणतात. आजूबाजूच्या माळावरचं पाणी आणि गाळ या बशीत येऊन थांबतो, गाळाची माती साठते, मग तिथे सिदराची आणि बाभळीच्या जातीची झाडं उगवतात. सिदर म्हणजे आपल्या बोरीचीच बहीण, फळंही तशीच. रौदा या शब्दाचा अर्थच बाग. सगळीकडे उजाड माळ आणि मध्येच हिरवा ठिपका दिसला की समजायचं इथे जमीन खोलगट आहे. गावांची, वस्त्यांची नावंसुद्धा रौदत अमुक, रौदत तमुक, कारण माणूस पाण्यापाशीच थांबणार ना.

रौद्यातलं पाणी मुरून खाली जातं आणि मग जी गंमत होते ती कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. जमिनीखाली सगळीकडे समुद्राचं खारं पाणी शिरलेलंच असतं. पावसाचं गोडं पाणी वजनाला हलकं, ते त्या खाऱ्यावर तरंगतं, मध्ये जाड आणि कडांना पातळ, एखाद्या भिंगासारखं. हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं, पण हाच हिशोब उलटाही चालतो, उपसा करून वरची पातळी एक मीटर उतरवली की खालून खारं पाणी चाळीस मीटर वर चढायला बघतं. आमच्या अंगणातल्या विहिरीला मोटार बसवली त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात पाणी मचूळ यायला लागलं, आई रोज सकाळी बोट बुडवून जिभेला लावून बघायची आणि त्यावर डाळ शिजणार की नाही ते सांगायची. कतारच्या उत्तर भागात नेमकं हेच झालं, जुन्या हातविहिरी शेकडो वर्षं पुरल्या कारण डोलाने पाणी काढणार किती, आणि मग डिझेलचे पंप आले, शेतीसाठी उपसा वाढला, नि बऱ्याच विहिरी खारट होऊन गेल्या.

जुन्या काळी या पाण्याची किंमत किती होती ते बघायचं असेल तर उम्म सलाल मोहम्मद गावातले बरझानचे बुरूज बघा. जाड भिंतींचे, त्यांचं एक काम म्हणजे रौद्यात साठणाऱ्या पाण्यावर नजर ठेवणं. आपल्याकडे गढी धान्यासाठी, इथे बुरूज पाण्यासाठी.

आता अशा जमिनीवर राहणार कोण आणि खाणार काय? ढोबळमानाने दोन तऱ्हेची माणसं. एक बदू, म्हणजे उंट-शेळ्या घेऊन चाऱ्यामागे फिरणारे, अल-मुर्रासारख्या जमाती, काळ्या लोकरीच्या तंबूत राहणारे, तंबूचं कापड बायका विणायच्या, त्या विणकामाला सदू म्हणतात. दुसरे हदर, किनाऱ्यावर घरं करून राहणारे, मासे आणि मोती यांच्यावर जगणारे. पण ही रेघ काही पक्की नव्हती, कितीतरी बदू उन्हाळ्यात किनाऱ्यावर येऊन मोत्यांच्या गलबतांवर चढायचे आणि हिवाळ्यात परत उंटांकडे. एकाच घराचा एक पाय वाळूत, एक पाण्यात. माझ्या मते कतारी माणूस समजायचा तर हे आधी लक्षात घ्यावं.

मोत्यांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपला त्याच्याशी जुना संबंध आहे. आजीच्या नथीत, चिंचपेटीत "बसऱ्याचा मोती" असायचा ना, तो बसऱ्यात पिकायचा नाही, तो या आखाताच्या तळावरच्या शिंपल्यातून यायचा, कतार, बहारीन, कुवेतच्या समुद्रातून. नाव व्यापाराच्या बंदरावरून पडलं. माल मुंबईला यायचा, मुंबईत आखाती व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, मोती निवडायचे, भोकं पाडायची, ओवायचे आणि पुढे युरोपपर्यंत पाठवायचे. परतीच्या गलबतात तांदूळ, मसाले, कापड, चहा. गलबतं स्वतः मलबारच्या सागवानाची, कारण कतारमध्ये लाकूड आणणार कुठून.

गलबताच्या कप्तानाला तिथे नोखदा म्हणतात. मूळ फारसी शब्द नाखुदा, आणि आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तोच! पहिल्यांदा कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी लगेच भावाला फोन केला. हंगाम जूनपासून सप्टेंबरपर्यंत, चार महिने घरी यायचं नाही. बुड्या मारणारा नाकाला शिंगाचा किंवा कासवाच्या पाठीचा चिमटा लावायचा, एका पायाला दगड, गळ्यात जाळीची पिशवी, दगडाच्या वजनाने सरळ तळाला, श्वास टिकेल तेवढे शिंपले गोळा करायचे आणि दोरीला झटका द्यायचा. वर दुसरा माणूस दोरी धरून बसलेला, तो ओढून घ्यायचा. दोघांचा जीव एका दोरीवर. दिवसभर पोटात फक्त खजूर आणि कॉफी, पोट भरलं की बुडी नीट लागत नाही म्हणून जेवण थेट रात्री, भात-मासे. आणि प्यायचं पाणी पिंपातून मोजून, सगळीकडे समुद्र आणि तहान लागली तर घोटभर. गलबतावर एक गाणारा असायचा, नह्हाम, त्याचं कामच गायचं, त्याच्या तालावर सगळे वल्ही आणि दोर ओढायचे. शिंपले दुसऱ्या दिवशी सकाळी नोखद्यासमोर एकत्र उघडायचे, त्यामुळे कोणाच्या शिंपल्यातून मोती निघाला ते कोणालाच कळायचं नाही.

पैसा मात्र या माणसाच्या हातात राहायचा नाही. हंगामाआधी घरखर्चाला उचल घ्यायची, हंगाम वाईट गेला की उचल तशीच पुढच्या वर्षावर, आणि बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर, कधी कधी मुलगा त्याच नोखद्याकडे बुड्या मारायला. बुड्या मारणाऱ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलामही होते, कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९५२ साली. दोहातल्या मशैरिबमध्ये बिन जलमूद हाऊस नावाचं म्युझियम आहे, त्यात ही गोष्ट आडपडदा न ठेवता मांडलीये. ती एक जागा चुकवू नका, खूप जड मनाने बाहेर येतो माणूस.

उत्तर-पश्चिमेला अल-झुबारा म्हणून मोत्यांच्या व्यापाराचं भरभराटीचं गाव होतं, १८११ मध्ये ते उद्ध्वस्त झालं, पुन्हा पहिल्यासारखं कधी उभं राहिलं नाही, आज वाळूखालच्या त्याच्या भिंती जागतिक वारसा यादीत आहेत, २०१३ पासून. आणि मोत्यांचा धंदा संपला तो विसाव्या शतकात. जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती मुद्दाम पिकवायची पद्धत बसवली, १९२० च्या दशकात तो स्वस्त मोती बाजारात आला, पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी. काही वर्षांत सगळं बसलं. लोक उपाशी राहिले, घरंच्या घरं गाव सोडून बहारीनला, सौदीला गेली, १९४० च्या दशकात अख्ख्या कतारची लोकसंख्या वीस हजाराच्या आत आली होती. आज दोहातल्या काचेच्या टॉवरखालून जाताना हे आठवलं की अंगावर काटा येतो, कारण त्या उपासमारीतून गेलेल्यांची नातवंडं आज माझ्यासोबत ऑफिसात आहेत.

तेल पश्चिम किनाऱ्यावर दुखानला लागलं १९३९-४० च्या सुमारास, पण महायुद्ध आलं, विहिरी बंद केल्या आणि पहिलं तेलाचं जहाज निघालं ते डिसेंबर १९४९ मध्ये. तोवर आणि नंतरही बरीच वर्षं इथे चलन कुठलं, तर आपला रुपया! सोन्याची चोरटी आयात वाढली म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा कतारने रुपया सोडला. खरा मोठा पैसा मात्र तेलाचा नाहीच, गॅसचा आहे. १९७१ मध्ये, ज्या वर्षी ३ सप्टेंबरला देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, उत्तरेला समुद्राखाली नॉर्थ फील्ड सापडलं, इराणशी सामाईक असलेला जगातला सगळ्यात मोठा गॅससाठा. गॅस जहाजातून न्यायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात, मग आकारमान सहाशे पटीने कमी होतं. २००४ पासून अशी जहाजं गुजरातमध्ये दहेजला येतायत.

आणि याच गॅसवर आमचं पाणी चालतं. पहिली छोटी खारं पाणी गोडं करायची यंत्रणा १९५० च्या दशकात आली, आज नळाला येणारं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं असतं. पद्धती दोन. एक उकळायची, म्हणजे वीज तयार करून झाल्यावर उरलेल्या वाफेच्या उष्णतेने पाणी तापवायचं आणि एकामागून एक कमी दाबाच्या कप्प्यांतून सोडायचं, दाब कमी असला की पाणी कमी तापमानालाही भसकन उकळतं, वाफ गोळा केली की ते गोडं पाणी. दुसरी पद्धत आपल्या घरच्या आरओची, फक्त अवाढव्य, साठ-सत्तर पट हवेच्या दाबाने पाणी पडद्यातून दाबून काढायचं. एवढा दाब का, तर आखात उथळ आणि तापलेलं, तिथलं पाणी साध्या समुद्रापेक्षा जास्त खारट, लिटरला चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम मीठ. तयार झालेलं पाणी उलट इतकं निर्मळ असतं की त्याला चव नसते आणि ते पाइप खातं, म्हणून त्यात परत चुना वगैरे क्षार घालावे लागतात. लॅबमध्ये मी बघते ते हेच, किती काढलं आणि किती परत घातलं.

यातली भीतीही सांगते. समुद्रात तेल सांडलं किंवा लाल शेवाळाची लाट आली तर प्लँट बंद करावे लागतात, आणि मागे नदी नाही, धरण नाही. म्हणून गेल्या दशकात काँक्रीटच्या प्रचंड टाक्या बांधल्या, सात दिवसांचं पाणी साठून राहील एवढ्या. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी सीमा बंद केल्या तेव्हा दूध संपलं तर हजारो गायी विमानाने आणल्या होत्या, गायी आणता येतात, तीस लाख माणसांचं रोजचं पाणी विमानाने येत नाही. शिवाय उरलेलं तिखट खारं पाणी परत समुद्रातच जातं, आणि त्याच समुद्रात गवताच्या कुरणांवर जगणारे डुगाँग आहेत, ऑस्ट्रेलिया सोडलं तर जगात सगळ्यात जास्त याच आखातात. हा प्रश्न सुटलेला नाही.

या तीस लाखांत कतारी नागरिक फार तर दहा-बारा टक्के, बाकी आम्ही बाहेरचे, त्यात भारतीय सगळ्यात जास्त. टॉवर, रस्ते, स्टेडियम, माझा प्लँटसुद्धा, हे सगळं नेपाळ, बांगलादेश, भारत, पाकिस्तानातून आलेल्या मजुरांनी उभं केलंय, आणि त्यांच्या घामाचं मोल त्यांना नीट मिळालं असं मी म्हणणार नाही. नोकरी बदलायला मालकाची परवानगी लागायची ती अट २०२० मध्ये गेली, किमान पगार महिना १,००० रियाल २०२१ पासून, आणि १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी. उन्हाळ्यात ४५ अंशांवर पारा आणि वर समुद्राची दमट हवा, घाम सुकतच नाही, तेव्हा हा नियम चैनीचा नाही, जिवाचा आहे. उचल घेऊन आलेला मजूर आणि उचल घेऊन बुडी मारणारा तो जुना माणूस मला एकाच रांगेत उभे दिसतात.

घरात शिरलात की मात्र वेगळंच जग. पाहुण्यांसाठी मजलिस, म्हणजे भिंतीलगत बैठका घातलेली मोठी खोली. कॉफी आपल्या फिल्टर कॉफीसारखी मुळीच नाही, फिकट सोनेरी, वेलदोडा भरपूर, साखर नाही, सोबत खजूर. छोट्या बिनकानाच्या कपात तळाशी थोडीशीच ओततात, उजव्या हाताने घ्यायची. संपली की परत ओतणार, परत ओतणार, मी पहिल्या दिवशी सात कप प्यायले, मग शेजारच्या बाईने माझा हात धरून दाखवलं, कप असा जरासा हलवायचा की बस्स. रमजानच्या चौदाव्या रात्री गरंगाओ, पोरं नवीन कपड्यांत पिशव्या घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि सुकामेवा-खाऊ गोळा करतात. आणि रस्त्यावर करक, दूध आटवलेला वेलचीचा चहा, नाव आपल्याच "कडक"वरून. सरळ जा म्हणायचं तर टॅक्सीवाला काय, कतारी म्हातारासुद्धा "सीदा" म्हणतो.

आई दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आली होती. नशिबाने पाऊस पडला, आणि पाऊस पडला की अख्खा देश गाड्या काढून बाहेर पडतो, तंबू, शेगड्या, पोरंबाळं सगळं घेऊन. पहिल्या पावसात वीज कडाडली की काही आठवड्यांनी जमिनीत फग्गा सापडतो असं तिथले लोक मानतात, बटाट्यासारखी भूछत्राची जात, जाणकार म्हातारे जमिनीची भेग बघून नेमका उकरतात. आम्ही उत्तरेकडच्या एका रौद्यावर गेलो, सिदराच्या झाडांच्या बुंध्यांना घोटाभर पाणी लागलेलं, पोरं त्यात नाचत होती, एक कतारी आजी गालिच्यावर बसून नुसती पाण्याकडे बघत होती. तिने आईला हाताने बोलावलं, कॉफी दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आई कॉफी पिऊन उठली, कडेला गेली, खाली वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग वळून त्या आजीला मराठीतच म्हणाली, "गोडं आहे हो."